डोळ्याला थंडी कशी कळते? कॉर्नियावरच्या पेशी, चेतातंतू आणि तापमान

अर्धोन्मीलित

डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशींना तापमान कसं कळतं, या प्रश्नात एक गाठ आधीच बसलेली असते. ती सोडवली नाही तर पुढचं सगळं चुकत जातं. कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा. त्याच्या सगळ्यांत बाहेरच्या थराच्या, म्हणजे एपिथेलियमच्या, पेशी वेगळ्या. त्या पेशींच्या फटींतून वर आलेली चेतातंतूंची उघडी टोकं वेगळी. तापमान बदललं की दोन्हीकडे काही ना काही घडतं, पण मेंदूपर्यंत खबर पोचवायची सोय फक्त टोकांकडे आहे. गंमत म्हणजे या टोकांच्या मूळ पेशी डोळ्यात नसतातच. त्या कवटीच्या तळाशी, ट्रायजेमिनल गँग्लियन नावाच्या गाठीत बसलेल्या असतात आणि तिथून डोळ्यापर्यंत धागा सोडतात.

हा धागा डोळ्याच्या पांढऱ्या भागाच्या कडेने कॉर्नियात शिरतो. शिरल्यावर साधारण एक मिलिमीटरच्या आत तो मायलिनचं, म्हणजे तंतूभोवतीचं चरबीयुक्त, वेष्टण टाकून देतो. मायलिन प्रकाश विखुरतं, त्यामुळे ते कॉर्नियात परवडणारं नाही. मग तो बोमनचा थर (एपिथेलियमखालचा चिवट पापुद्रा) भोसकून वर येतो, एपिथेलियमच्या तळाशी जाळं विणतो आणि त्या जाळ्यातून बारीक फांद्या सरळ वर जातात. एपिथेलियम जेमतेम ५० मायक्रोमीटर जाड, पेशींचे ५ ते ७ थर. काही टोकं पृष्ठभागापासून अवघ्या काही मायक्रोमीटरवर येऊन थांबतात. माणसाच्या कॉर्नियाच्या मध्यभागी दर चौरस मिलिमीटरला सुमारे ७००० टोकं असावीत असा अंदाज दिला जातो. त्वचेशी तुलना केली तर काही शेपट जास्त.

टोकांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत, आणि मराठीला हे तिन्ही आधीपासून ठाऊक असावेत असं वाटतं, कारण आपल्याकडे डोळ्याच्या तक्रारीला शब्दही वेगवेगळे आहेत.

कण गेला की डोळ्यात *खुपतं*. ते काम यांत्रिक टोकांचं, सुमारे २० टक्के. तिथे पिएझो-२ नावाचा दाबाने उघडणारा चॅनेल, म्हणजे पेशीपटलातलं आयनांना वाट देणारं दार, असतो.

मिरची, आम्ल किंवा कडक उष्णता लागली की *झोंबतं*. ही बहुविध टोकं, सुमारे ७० टक्के. यांना दाबही कळतो, रसायनही कळतं आणि साधारण ३९-४० अंशांपुढची उष्णताही कळते. इथला मुख्य चॅनेल टीआरपीव्ही-१.

उरलेली १० ते १५ टक्के टोकं थंडीची. तिथला चॅनेल टीआरपीएम-८. ही टोकं बिघडली की जे होतं त्याला धड नाव नाही. लोक ओढल्यासारखं, कोरडं, *चुरचुरतं* असं काहीतरी सांगतात.

(टीआरपी म्हटलं की आपल्याला दुसऱ्याच वाहिन्या आठवतात. या टीआरपीचं नाव फळमाशीच्या एका उत्परिवर्तित जातीवरून आलं. तिच्या डोळ्याचा प्रकाशाला दिलेला प्रतिसाद टिकायचा नाही, क्षणिक असायचा.)

टीआरपीव्ही-१ चा जनुक १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडला, मिरचीतल्या कॅप्सेसिनच्या मागावर. टीआरपीएम-८ २००२ मध्ये ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुशियन या दोघांच्या गटांनी स्वतंत्रपणे शोधला, मेन्थॉलच्या मागावर. पिएझो २०१० मध्ये पॅटापुशियन यांच्याकडे. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं ते यासाठीच.

आता मुद्द्याचं. थंडीची टोकं थंडी वाजायची वाट बघत गप्प बसत नाहीत. उघड्या डोळ्याच्या पृष्ठभागाचं तापमान ३४-३५ अंश असतं आणि त्या तापमानालाही ती सतत टिकटिकत असतात, म्हणजे विजेचे आवेग पाठवत असतात. एक अंशाहूनही कमी गार झालं की टिकटिक वाढते, ऊब मिळाली की मंदावते, आणखी ऊब मिळाली की थांबते. यातून मेंदूला हवामानाची बातमी मिळत नाही. मिळते ती डोळा किती ओला आहे याची.

---

बीएस्सी_तिसरं_वर्ष

ओलेपणा तापमानावरून कसा कळेल? आणि दोन पापण्यांच्या मधल्या चार-पाच सेकंदांत असं किती गार होणार?

---

उष्मांक

हिशेब करून दाखवतो, वहीत मांडता येईल इतका सोपा आहे.

अश्रूंचा थर साधारण ३ मायक्रोमीटर जाड. एक चौरस सेंटिमीटर क्षेत्र घ्या. घनफळ ०.३ मायक्रोलिटर, म्हणजे ०.३ मिलिग्रॅम पाणी. हे पाणी एक अंशाने गार करायला ०.३ × ४.१८, म्हणजे सुमारे १.२५ मिलिज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. पाण्याची वाफ होताना या तापमानाला दर मायक्रोग्रॅममागे सुमारे २.४ मिलिज्यूल उष्णता जाते. भागाकार करा: अर्धा मायक्रोग्रॅम. थरात एकूण ३०० मायक्रोग्रॅम पाणी आहे. म्हणजे सहाशे भागांतला जेमतेम एक भाग उडाला तरी अंशभर गारवा यायला पुरे.

प्रत्यक्षात इतकं गार होत नाही, कारण मागून कॉर्निया आणि त्याच्या मागचं कोमट पाणी सतत उष्णता पुरवत राहतं. उघड्या डोळ्याचं तापमान पापणी उघडल्यावर सुरुवातीला सेकंदाला अंशाचा काही दशांश अशा वेगाने उतरतं, मग वेग मंदावतो. पण या हिशेबातून एक गोष्ट पक्की होते. पाणी कमी झाल्याचं जाडीवरून मोजायला गेलात तर सहाशेतला एक भाग शोधावा लागेल. तापमानावरून मोजलंत तर तोच बदल ठसठशीत दिसतो.

वरचा तेलाचा थर फाटका असेल तर बाष्पीभवन वाढतं आणि घसरण तीव्र होते. कोरड्या डोळ्यांच्या लोकांत उघड्या डोळ्याचं तापमान भराभर उतरतं ते म्हणून.

---

अर्धोन्मीलित

अगदी हेच. शिवाय पाणी उडालं की मागे मीठ उरतं. निरोगी अश्रूंची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचं प्रमाण, ३०० मिलिऑस्मोलच्या आसपास असते. ३०८ च्या वर गेली की कोरड्या डोळ्याची शंका घेतात. थंडीच्या टोकांपैकी जी अतिसंवेदनशील आहेत ती या खारटपणालाही दाद देतात. म्हणजे एकाच तारेवर दोन पुरावे, गारवा आणि खारटपणा, आणि दोन्हींचं कारण एकच.

थंडीच्या टोकांतही दोन जाती आहेत. एक सतत बडबडणारी, अंशभराच्या आतला बदल टिपणारी. दुसरी जवळजवळ गप्प, तापमान कित्येक अंश खाली गेलं तरच बोलणारी. पहिलीमुळे पापणी वेळेवर लवते आणि पायाभूत अश्रू चालू राहतात, आणि त्यातलं काहीही आपल्याला जाणवत नाही. दुसरी जागी झाली की जाणवतं, आणि ते सुखद नसतं.

पुढचा मार्ग असा: टोकापासून ट्रायजेमिनल गँग्लियन, तिथून मेंदूच्या देठातलं ट्रायजेमिनल केंद्रक, तिथून लाळ-अश्रूंचं केंद्रक, मग टेरिगोपॅलटाइन गँग्लियन आणि शेवटी अश्रुग्रंथी.

पुरावा? २०१० मध्ये स्पेनमधल्या अलिकांते इथल्या कार्लोस बेलमॉन्टे आणि हुआना गायार यांच्या गटाने टीआरपीएम-८ नसलेल्या उंदरांवर काम प्रसिद्ध केलं. त्या उंदरांत कॉर्नियाची थंडीची टोकं गारव्याला दाद देईनाशी झाली आणि पायाभूत अश्रू कमी झाले. झोंबणारं काही टाकल्यावर येणारं पाणी मात्र तसंच राहिलं. म्हणजे रोजचे अश्रू आणि संकटाचे अश्रू यांच्या तारा वेगळ्या.

---

पेट्रीबशी

पहिल्या पोस्टमध्ये एपिथेलियमची फारच लवकर बोळवण केली आहे. या पेशींमध्ये टीआरपीव्ही-१, टीआरपीव्ही-४, टीआरपीएम-८ असे चॅनेल काम करताना नोंदले गेले आहेत. बशीत वाढवलेल्या माणसाच्या कॉर्नियाच्या एपिथेलियम पेशींना उष्णता किंवा कॅप्सेसिन दिलं की आतलं कॅल्शियम चढतं. थंडी किंवा मेन्थॉल दिलं तरी चढतं. खारट द्रावण दिलं तर टीआरपीव्ही-१ मार्फत आयएल-६ आणि आयएल-८ हे दाहाचे निरोपे बाहेर पडतात. याला जाणीव म्हणायचं नाही तर काय?

---

अर्धोन्मीलित

पेशीला कळतं, हे मान्य. मला कळतं का, हा वेगळा प्रश्न. गिनिपिगच्या वेगळ्या काढलेल्या कॉर्नियावर बारीक काचनळी हलक्या ओढीने चिकटवून एकेका टोकाचे आवेग १९९८ पासून नोंदवता येतात. गार द्रावण फिरवलं की आवेगांचा वेग लगेच चढतो, ऊब दिली की लगेच उतरतो. एपिथेलियमने आधी काही रसायन सोडावं, ते टोकापर्यंत झिरपावं, मग टोकाने बोलावं, इतकी सवड त्या नोंदींत दिसत नाही. आणि आयएल-६ बाहेर पडायला तास लागतात.

---

पेट्रीबशी

वेगाचा मुद्दा मान्य. पण तास लागतात म्हणून ते बिनमहत्त्वाचं ठरत नाही. दाहाचे निरोपे टोकांना हळवं करतात. मग जो गारवा काल जाणवत नव्हता तो आज चुरचुरतो. खबर देणारी टोकं, पण त्यांचा आवाज किती मोठा ठेवायचा हे एपिथेलियम ठरवतं, असं म्हटलं तर चालेल का?

---

अर्धोन्मीलित

चालेल. माझ्या पहिल्या परिच्छेदापेक्षा हे बरं आहे.

---

बीएस्सी_तिसरं_वर्ष

बशीतल्या पेशींवर हे मोजायचं असेल तर? आमच्याकडे फ्युरा-२ (कॅल्शियम दाखवणारा चमकता रंग) आहे, पेल्टिअर (विजेवर गार-गरम करणारी पट्टी) आहे. गार केलं की कॅल्शियम वाढतं इतकं दिसलं की झालं ना?

---

पेट्रीबशी

नाही झालं. गार केल्यावर कॅल्शियम वाढलेलं *दिसतं*, आणि याची निदान चार कारणं अशी आहेत ज्यांत टीआरपीएम-८ चा काही संबंध नाही.

आधी पद्धत. फ्युरा-२ एएम २ ते ५ मायक्रोमोलर, ३० ते ४० मिनिटं, मग धुवून रंग पूर्ण सुटा व्हायला आणखी २० मिनिटं. द्रावण: सोडियम क्लोराइड १४०, पोटॅशियम क्लोराइड ५, कॅल्शियम क्लोराइड २, मॅग्नेशियम क्लोराइड १, ग्लुकोज १०, हेपिस (पीएच स्थिर ठेवणारा बफर) १० मिलिमोलर, पीएच ७.४. उत्तेजन ३४० आणि ३८० नॅनोमीटर, उत्सर्जन ५१० च्या आसपास, दोन्हींचं गुणोत्तर. सुरुवात ३४ अंशांवर, तिथून १८-२० पर्यंत उतार, परत ३४.

आता काय काय फसतं ते.

पहिलं, रंग स्वतःच तापमानाला बधतो. फ्युरा-२ चा कॅल्शियमशी बांधला जाण्याचा स्थिरांक ३७ अंशांना सुमारे २२४ नॅनोमोलर आणि २० अंशांना सुमारे १३५ नॅनोमोलर आहे. म्हणजे कॅल्शियम तेवढंच असलं तरी गार केल्यावर गुणोत्तर वर सरकतं. गुणोत्तराचं रूपांतर एकाच स्थिरांकाने केलंत की खोटी चढण पदरात पडते.

दुसरं, गारव्यात कॅल्शियम उपसणारे पंप मंदावतात. कुठलाही चॅनेल उघडला नाही तरी कॅल्शियम हळूहळू साचतं. ओळखायचं कसं? पंपामुळे येणारी चढण संथ, सगळ्या पेशींत सारखी आणि उंबरठा नसलेली असते. चॅनेलची चढण ठरावीक तापमानाला एकदम सुरू होते आणि काही पेशींत येते, काहींत येत नाही. बाहेरचं कॅल्शियम काढून घेऊन तोच उतार पुन्हा चालवा. चॅनेलची चढण जायला हवी.

तिसरं, पीएच. ट्रिस हा बफर वापरू नका. तो दर अंशाला सुमारे ०.०२८ ने सरकतो, २० अंशांत अर्ध्याहून जास्त. हेपिस त्याच्या निम्मा सरकतो. टीआरपीव्ही-१ आम्लाला उघडतो, त्यामुळे हा फरक नुसता हिशेबापुरता राहत नाही.

चौथं, आणि इथेच बहुतेक जण आपटतात: सूक्ष्मदर्शकाची तेलात बुडणारी ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग). ती म्हणजे काचेला खालून चिकटलेला धातूचा गोळा. पेल्टिअर द्रावणाला ३४ अंशांवर ठेवतं, स्क्रीनवर ३४ दिसतात आणि नेमक्या पाहिल्या जाणाऱ्या पेशी २८-२९ वर बसलेल्या असतात. टीआरपीएम-८ चा बशीतला उंबरठा २५ ते २८, म्हणजे त्याला लागूनच! म्हणजे प्रयोग सुरू व्हायच्या आधीच चॅनेल अर्धवट उघडलेला. हवेतली ऑब्जेक्टिव्ह घ्या, नाहीतर ऑब्जेक्टिव्हला तापवणारी कॉलर लावा. तापमापकाचं टोक पाहिल्या जाणाऱ्या पेशींच्या शेजारी, मिलिमीटरच्या आत, काचेला टेकलेलं हवं. चेंबरच्या कडेला ठेवलेल्या तापमापकाचा आकडा वहीत लिहूच नका.

चॅनेल ओळखायला रसायनं एकेकटी पुरत नाहीत. मेन्थॉल १०० मायक्रोमोलर टीआरपीएम-८ उघडतं, पण टीआरपीव्ही-३ आणि टीआरपीए-१ लाही हात लावतं. आयसिलिन या थंडीचा भास देणाऱ्या रसायनाला पेशीच्या आत कॅल्शियम लागतं, त्यामुळे कॅल्शियम बांधून टाकलेल्या पेशींत ते निकामी. कॅप्साझेपिन टीआरपीव्ही-१ चं अवरोधक म्हणून विकलं जातं, ते टीआरपीएम-८ लाही अडवतं. बीसीटीसी या अवरोधकाचंही तेच. त्यामुळे ‘कॅप्साझेपिनने प्रतिसाद गेला, म्हणजे टीआरपीव्ही-१’ हे वाक्य लिहिता येत नाही. टीआरपीव्ही-१ साठी एएमजी ९८१० हे अवरोधक घ्या आणि जनुक दाबून किंवा काढून ताळा करा.

प्रतिपिंडांबद्दल तर बोलायलाच नको. टीआरपी कुळातल्या प्रतिपिंडांनी रंगलेली चित्रं सुंदर असतात. तोच रंग जनुक काढलेल्या ऊतीवरही चढतोय का, हे पाहिल्याशिवाय त्यांना काही अर्थ नाही.

---

बीएस्सी_तिसरं_वर्ष

हे चौथं नेमकं आमच्या सेटअपमध्ये आहे, तेलाची ४०एक्स. पुढचा प्रश्न: एकाच बशीवर थंडीचे तीन झटके दिले तर प्रत्येक वेळी प्रतिसाद लहान होतो. पेशी मरतायत का?

---

पेट्रीबशी

मरत असत्या तर पायाभूत गुणोत्तर चढून वरच राहिलं असतं. हे चॅनेलचं जुळवून घेणं आहे. टीआरपीएम-८ उघडा राहायला पेशीपटलात पीआयपी-२ नावाचं स्निग्ध द्रव्य लागतं. चॅनेलमधून आत आलेलं कॅल्शियमच फॉस्फोलायपेज-सी या विकराला चालना देतं आणि ते पीआयपी-२ तोडतं. ते पुन्हा बनायला वेळ लागतो. दोन झटक्यांत निदान ५ मिनिटं सोडा, आणि मेन्थॉल नेहमी शेवटी, कारण ते धुवून निघायला वेळ लावतं. अवरोधक देऊन मिळालेला ‘लहान प्रतिसाद’ हा नुसता दुसऱ्या झटक्याचा परिणाम असू शकतो, म्हणून अवरोधकाशिवाय दोन झटक्यांची बशी शेजारी हवीच.

आणखी एक. इन्क्युबेटर ३७ वर असतो. कॉर्नियाच्या पेशी डोळ्यात ३४-३५ वर राहतात. म्हणजे आपण त्यांना आठवडाभर तापात ठेवून मग थंडी कशी वाटते ते विचारतो.

---

उष्मांक

हे वाक्य भिंतीवर लावण्यासारखं आहे.

पण मला एक खटकतंय. टीआरपीएम-८ बशीत २५ ते २८ अंशांच्या खाली उघडतो म्हणता. कॉर्नियाची टोकं ३४ ला टिकटिकतात म्हणता. दोन्ही कसं जमायचं?

---

अर्धोन्मीलित

चांगला प्रश्न, कारण इथेच ‘चॅनेल म्हणजे तापमापक’ ही समजूत गळून पडते.

टीआरपीएम-८ चा ‘उंबरठा’ ही निसर्गाने कोरलेली रेघ नाही. हा चॅनेल तापमान आणि पेशीपटलाचा विद्युतदाब दोन्ही बघून उघडतो. तापमान उतरलं की लागणारा दाब कमी होतो. त्यामुळे कुठल्याही तापमानाला काही चॅनेल उघडेच असतात. पेशीत चॅनेल भरपूर असतील तर ३४ अंशांनाही एवढा प्रवाह आत येतो की पेशी आवेगाच्या काठावर राहते.

दुसरी बाजू ब्रेकची. चेतापेशींत केव्ही-१ कुळातले पोटॅशियम चॅनेल असतात, ते आत आलेला प्रवाह लगेच बाहेर काढून पेशीला शांत ठेवतात. ज्या पेशीत टीआरपीएम-८ जास्त आणि हा ब्रेक हलका, ती अंशभराच्या आत बोलते. ज्या पेशीत टीआरपीएम-८ कमी आणि ब्रेक घट्ट, तिला बऱ्याच खालपर्यंत जावं लागतं. वर सांगितलेल्या दोन जाती यातूनच निघतात. चॅनेल तोच, प्रमाण वेगळं.

आणि ब्रेक सैल पडू शकतो. गिनिपिगची मुख्य अश्रुग्रंथी काढून काही आठवडे डोळा कोरडा ठेवला, तर थंडीच्या टोकांच्या पेशींत सोडियमचा प्रवाह वाढतो, पोटॅशियमचा घटतो आणि विश्रांतीतली टिकटिक चढते. तापमान तेच, पण तार ओरडतेय.

---

स्लिटलॅम्प

दवाखान्यात या गोष्टीचा उपयोग रोज होतो, त्याबद्दल थोडं.

आधी मापन. जुनं साधन कोशे-बोने: नायलॉनचा धागा, ०.१२ मिलिमीटर जाडीचा, लांबी ६० मिलिमीटरपासून ५-५ ने कमी करत न्यायची. धागा लांब तेवढा स्पर्श हलका. तो कॉर्नियाला काटकोनात टेकवायचा आणि किंचित वाकला की थांबायचं. हवा दमट असली की नायलॉन मऊ पडतो आणि आकडा बदलतो, म्हणून वेगवेगळ्या ऋतूंतले आकडे एका रांगेत मांडू नका. शिवाय हा धागा फक्त यांत्रिक संवेदना तपासतो. थंडीची टोकं गेली असली तरी तो ६० दाखवू शकतो.

थंडीसाठी बेलमॉन्टेचं वायूचं साधन हवं. साधनाचं टोक कॉर्नियापासून ५ मिलिमीटरवर, झोत दोन-तीन सेकंदांचा. त्यातली खुबी अशी की नुसती हवा मारली तरी ती कॉर्निया गार करते. म्हणजे तुम्ही स्पर्श तपासतोय म्हणता आणि थंडी तपासत असता. म्हणून यांत्रिक चाचणीत हवा साधनाच्या टोकापाशी सुमारे ५० अंशांवर सोडतात, तेव्हा कुठे ती कॉर्नियाला पोचेपर्यंत ३४ च्या आसपास होते. थंडीची चाचणी करताना प्रवाह यांत्रिक उंबरठ्याच्या खाली ठेवून फक्त तापमान उतरवायचं. रासायनिक चाचणीला हवेत कार्बन डायऑक्साइड मिसळतात. तो अश्रूंत विरघळून आम्ल बनतो आणि झोंबतो.

---

बीएस्सी_तिसरं_वर्ष

गार वाऱ्यात डोळे भरून येतात ते याच तारेमुळे? आणि कोरडा डोळा असलेल्यांच्या डोळ्यातून उलट पाणी का वाहतं?

---

स्लिटलॅम्प

वाऱ्यात दोन गोष्टी एकदम होतात: हवेने थेट गारवा आणि वाढलेलं बाष्पीभवन. पायाभूत अश्रू वाढवणारी टोकं आधी बोलतात, गारवा फार झाला तर उशिरा बोलणारी टोकं आणि बहुविध टोकंही जागी होतात आणि मग धो-धो पाणी. कोरड्या डोळ्यात हीच पायरी खोलीत बसल्या बसल्या येते, कारण थर जागोजागी फाटतो. ते पाणी संकटाचं. एकदम येतं, त्यात तेलाचा थर नीट बसत नाही आणि गालावरून वाहून जातं. ‘पाणी तर येतंय, मग कोरडा कसा’ हा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर हेच.

मेन्थॉल घातलेल्या थेंबांबद्दल: तापमान एक अंशही उतरत नाही, चॅनेलला फसवलं जातं. अश्रू थोडे वाढतात, पण मात्रा चढली की तेच मेन्थॉल झोंबतं. याच चॅनेलवर नेम धरून काम करणारं अकोल्ट्रेमॉन हे औषध, ०.००३ टक्के थेंब, दिवसातून दोनदा, मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने कोरड्या डोळ्यासाठी मंजूर केलं. रेणू मेन्थॉलच्याच घराण्यातला. टाकल्यावर चुरचुरतं ही त्याची नेहमीची तक्रार, आणि वरची चर्चा वाचली तर त्यात नवल नाही.

लॅसिकमध्ये, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायच्या लेझर शस्त्रक्रियेत, कॉर्नियाची झडप कापताना हे धागे कापले जातात, फक्त बिजागरीच्या बाजूचे वाचतात. संवेदना परतायला साधारण ६ ते १२ महिने लागतात. मधल्या काळात परस्परविरुद्ध तक्रारी दिसतात: कोणाला काहीच जाणवत नाही आणि पापणी कमी लवते, तर कोणाला पंख्याचा झोतही सोसत नाही, आणि तपासणीत पृष्ठभाग ठाकठीक. अशा माणसाला ‘काही नाही, मनाचं आहे’ म्हणून परत पाठवणं चूक. साधी परीक्षा: बधिर करणारा एक थेंब टाका, प्रोपॅराकेन ०.५ टक्के. अर्ध्या मिनिटात त्रास गेला तर उगम टोकांमध्ये आहे. तसाच राहिला तर तक्रार तारेच्या पुढच्या भागात, मेंदूच्या बाजूला सरकली आहे आणि नुसते कृत्रिम अश्रू पुरणार नाहीत. मात्र तो थेंब तपासणीपुरताच. आराम पडतो म्हणून घरी देऊ नका. सतत वापरला की एपिथेलियम झडतं आणि कॉर्निया विरघळायला लागतो.

---

उष्मांक

थर्मल कॅमेऱ्याने डोळा मोजणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण यात आकडे सहज फसतात.

कॅमेरा पाहतो तो अश्रूंचा थर आणि त्याला लागून कॉर्नियाचा अगदी वरचा पापुद्रा. ८ ते १४ मायक्रोमीटरच्या लहरी पाण्यातून फार तर काही ते वीसेक मायक्रोमीटर खोलीवरूनच बाहेर येतात, म्हणून ‘कॉर्नियाचं तापमान’ असं लिहिताना जरा थांबा. उत्सर्जकता (पृष्ठभाग उष्णतेच्या लहरी किती सोडतो त्याचं प्रमाण) ०.९८ ठेवा. माणसाला खोलीत १५ ते २० मिनिटं बसू द्या, वाऱ्याचा झोत अंगावर नको. डोळे काही सेकंद मिटायला सांगा, मग उघडून १० सेकंद चित्रण. मोजायचं क्षेत्र मध्यभागी ४ मिलिमीटर व्यासाचं, पापण्यांचे केस त्यात येता कामा नयेत. कॅमेरा समोरून; तिरका धरला की कडेला उत्सर्जकता घसरते आणि कड खोटी गार दिसते. खरं तर कड मध्यापेक्षा उबदार असते, कारण तिथे रक्तवाहिन्या आहेत.

बऱ्याच कॅमेऱ्यांत निरपेक्ष अचूकता ±२ अंश असते, पण फरक ओळखण्याची क्षमता ०.०५ अंशांच्या आसपास. म्हणून ‘या डोळ्याचं तापमान ३३.८’ हे विसरा. ‘पहिल्या ५ सेकंदांत ०.६ ने उतरलं’ हे खरं. निरपेक्ष आकडा हवाच असेल तर चौकटीत ज्ञात तापमानाचा काळा पृष्ठभाग ठेवा.

---

बीएस्सी_तिसरं_वर्ष

आमच्या चित्रणात चौथ्या सेकंदाला सगळ्यांचंच तापमान एकदम ०.३ ने उडी मारतं. पापणी तर लवलेली नाही.

---

उष्मांक

टक् असा आवाज येतो का त्याच वेळी? कॅमेरा मधेच स्वतःचं शटर खाली टाकून सेन्सर जुळवून घेतो. सेटिंगमध्ये स्वयंचलित दुरुस्ती बंद करा आणि प्रत्येक चित्रणाआधी हाताने एकदा द्या.

---

बीएस्सी_तिसरं_वर्ष

येतो आवाज. मग आधीची चित्रणं टाकून द्यावी लागतील?

---

उष्मांक

उडीच्या आधीचे चार सेकंद वापरा. उतार तिथेच सगळ्यांत तीव्र असतो.